तुला त्रास नको

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्ही शाळेच्या इतिहासावर लिहावे असे सुचविले होते. इतिहास हा आमचा विषय, शिवाय या वसतिगृहाच्या पडवीत आमची तीस वर्षे गेली. सूचना योग्यच होती. त्याप्रमाणे लिहावयास बसलोही. पहिली चिऱ्याची खोली, पावसाळ्यात गळणारी कौले, वाड्या-वस्त्यांवरून पायलीपायलीने जमविलेले तांदूळ हे सर्व कागदावर उतरले, आणि मग ध्यानात आले की हे इतर मान्यवर लिहिणारच आहेत. आम्हाला मात्र गेले वर्षभर एक प्रवास स्वस्थ बसू देत नाही. तो प्रवास विमानाचा आहे, दिल्लीचा आहे. परंतु त्याचा आरंभ आपल्या शाळेच्या जिन्यावर झालेला असल्याने तो येथे सांगण्यास हरकत नसावी.

आम्ही १९९४ च्या जूनमध्ये येथे रुजू झालो. त्याच महिन्यात राजापूर तालुक्यातील एका वाडीवरून एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन आले. मुलाचे दोन्ही पाय पोलिओने गेलेले. देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली ती १९९५ मध्ये, आणि भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण नोंदविला गेला तो २०११ मध्ये. या मुलाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी उशिराच्या. गणितात तो हुशार होता, अक्षर मोत्यासारखे होते, आणि थट्टेला थट्टेने उत्तर देण्याची धमक होती. पाचवीत त्याचा प्रवेश झाला.

आपल्याकडे आठवीपासूनचे वर्ग माडीवर भरत. रोज सकाळी दोन मुले आपल्या मनगटांची चौकट करीत, तिसरा दप्तर घेई, आणि हा त्या चौकटीवर बसून माडीवर जाई. मुले तिला ‘पालखी’ म्हणत. शिमग्याच्या दिवसांत तर तोंडाने ढोलाचा ठेका धरीत. पाहुणे आले की आम्ही त्यांना नेमके त्याच वेळी जिन्यापाशी आणून उभे करीत असू. वार्षिक अहवालात ‘सहकार्यवृत्तीचे जिवंत उदाहरण’ असे वाक्य आम्हीच लिहिले होते. २००० साली दहावी झालेल्या तुकडीला ही पालखी निश्चित आठवत असेल. तिचे भोईही आज या स्मरणिकेचे वाचक आहेत.

तो पुढे बी.कॉम. झाला. आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या जिल्ह्यातील एका कॅनिंग कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागला आणि आता तेथील विक्रीचे व निर्यातीचे कागद त्याच्याच हातून जातात. आताशा तो चाकाची खुर्ची वापरतो. कॅलिपर बांधून कुबड्यांवर थोडे उभे राहता येते, पण वय चाळिशीपलीकडे गेल्यावर खांदे तक्रार करू लागले. वर्षातून दोनतीनदा त्याला व्यवहाराच्या बोलणीसाठी दिल्ली, बंगळूर, अहमदाबाद येथे जावे लागते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी त्याचा फोन आला. “जय भीम, सर. सुट्टीत मोकळे आहात का? दिल्लीला माझ्याबरोबर येणारा चुलतभाऊ आजारी आहे. चार दिवसांचे काम. तुमचे अलिपूर मार्गावरचे स्मारक पाहायचे राहिले आहे ना?”

ते खरे होते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण जेथे झाले त्या २६, अलिपूर मार्ग येथे २०१८ मध्ये राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. तेव्हापासून जाऊ जाऊ म्हणत होतो. आम्ही तात्काळ होकार दिला. सोबत म्हणून आपण त्याच्यावर थोडेफार उपकारच करीत आहोत अशी भावना मनात नव्हती, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्या वेळी रत्नागिरीहून प्रवासी विमान सुटत नव्हते. आपल्याला जवळची म्हणावी अशी ठिकाणे चार: मुंबई, आंबा घाट चढून कोल्हापूर, आणि दक्षिणेस चिपी व मोपा. आम्ही अंतराचा हिशेब करू लागलो तेव्हा तो हसला. त्याचा हिशेब अंतराचा नव्हताच, पायऱ्यांचा होता. लहान विमानतळांवर बहुधा पंख्याची लहान विमाने येतात. त्यांना मागच्या बाजूस चिंचोळा जिना असतो. इमारतीतून थेट विमानाच्या दारात नेणारा पूल, ज्याला एरोब्रिज म्हणतात, तो त्यांना लागत नाही. मोठ्या विमानतळावर पूल असतो, पण आपले विमान पुलाला लागेल की दूर मैदानात उभे राहील हे आदल्या क्षणापर्यंत कळत नाही. मैदानात उभे राहिले तर अँब्युलिफ्ट लागते. ती म्हणजे खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दारापर्यंत वर उचलणारी गाडी. ती त्या वेळी मोकळी असेल तर ठीक. तिकीट काढण्यापूर्वी तो एवढा विचार करतो. आम्ही तिकिटाचा दर पाहतो.

नियमाप्रमाणे ४८ तास आधी त्याने कंपनीला कळविले होते. फोन तीनदा करावा लागला. खुर्चीची लांबी, रुंदी, वजन, घडी होते की नाही, बॅटरी आहे का. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि तेच प्रश्न. त्याची खुर्ची हाताने चालणारी असल्याने शेवटचा प्रश्न लवकर मिटला. बॅटरीची खुर्ची असती तर बॅटरी कोणत्या जातीची, सुटी होते का, तिची क्षमता किती, हे सर्व कागदोपत्री सिद्ध करीत बसावे लागले असते.

विमानतळाचे आणि कंपनीचे नाव आम्ही सांगत नाही, कारण त्याच्या सांगण्याप्रमाणे थोड्याफार फरकाने सर्वत्र हेच घडते. खिडकीवरील तरुणीने हसून नमस्कार केला. तो आम्हाला केला. “इनको क्या हुआ है?” हा प्रश्नही आम्हालाच. मग डॉक्टरचा दाखला मागितला. ज्याला केवळ चालता येत नाही आणि जो आजारी नाही, त्याच्याकडून वैद्यकीय दाखला मागायचा नाही असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. त्याने शांतपणे फाइल उघडून त्या नियमाची प्रत काढली. त्या फाइलमध्ये डावीकडे आमरसाचे दरपत्रक होते आणि उजवीकडे कायदे. इतरांच्या व्यवहाराच्या फाइलमध्ये व्यवहार असतो. त्याच्या फाइलचे निम्मे पोट विमानतळ भरून टाकतो.

त्यानंतर खुर्चीचा वाद. कंपनीची खुर्ची घ्या, तुमची सामानात जाऊ द्या, असा आग्रह. ठरावीक मापात बसणारी स्वतःची खुर्ची वापरू देण्याची तरतूद आहे, हेही त्यानेच सांगितले. कंपनीच्या खुर्चीची चाके लहान असतात, हाताने फिरविता येत नाहीत. एकदा त्यात बसले की ढकलणारा माणूस येईपर्यंत जेथे ठेवतील तेथे बसून राहायचे. “सर, त्या खुर्चीत मी सामान असतो,” तो म्हणाला. वाद जिंकला, पण पाऊण तास गेला.

सुरक्षातपासणीत त्याला एका पडद्याआड नेले. आम्हाला बाहेर थांबविले. आतून “खड़े हो सकते हो?” असे दोनदा ऐकू आले. बाहेर आला तेव्हा कॅलिपरचे पट्टे सैल होते आणि सदरा पँटबाहेर. दिल्लीतील भेटीसाठी त्याने मुद्दाम इस्त्री करून घातलेला तो पांढरा सदरा होता. अभिनेत्री व नर्तिका सुधा चंद्रन यांना कृत्रिम पाय काढून दाखविण्याचा प्रसंग २०२१ मध्ये आला. तेव्हा देशभर हळहळ झाली आणि सुरक्षा दलाने क्षमाही मागितली. आमच्या विद्यार्थ्याची क्षमा मागण्याचे कोणाला सुचणे शक्य नव्हते, कारण तेथे कोणाच्या मते काही घडलेच नव्हते.

विमान मैदानात उभे होते. अँब्युलिफ्ट दुसऱ्या विमानाकडे गेलेली. सर्व प्रवासी चढले, आम्ही दोघे आणि दोन हमाल जिन्याखाली उन्हात. एक अधिकारी घाईने आला आणि आम्हाला म्हणाला, “उठाके ले जाते हैं, दो मिनट का काम है.” आणि, वाचकहो, आम्ही मान हलविली. होकाराची. मनगटांची ती चौकट डोळ्यांपुढे आली. यात गैर ते काय? आमच्या शाळेत तर हे रोज होत होते.

“नाही,” तो म्हणाला. “मी थांबतो.”

अधिकाऱ्याने विलंबाचे, सुरक्षेचे, इतर प्रवाशांच्या खोळंब्याचे कारण पुढे केले. तो म्हणाला, “सुरक्षेचे म्हणाल तर हा जिना दीड हात रुंद आहे आणि माझे वजन एकाहत्तर किलो. पडलो तर तुमची कंबर मोडेल, माझे डोके फुटेल.” अठरा मिनिटांनी गाडी आली. विमानाच्या दाराशी त्याची खुर्ची काढून घेतली आणि एका अरुंद खुर्चीवर पट्ट्याने बांधून त्याला आसनापर्यंत नेले. एकशे ऐंशी प्रवासी पाहत होते. काहींनी घड्याळ पाहिले.

आम्ही शिकविणारे असलो तरी त्या दिवसापुरते विद्यार्थी होतो. तेव्हा जे नंतर वाचून जुळविले ते येथेच सांगतो. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष कोलकात्याहून गोव्याकडे निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या या बाई मुंबईच्या ‘अडॅप्ट’ या संस्थेने गोव्यात भरविलेल्या परिषदेसाठी, म्हणजे कामासाठीच, जात होत्या. स्पाइसजेटच्या विमानात त्या जाग्यावर बसल्यानंतर त्यांना खाली उतरविण्यात आले. परिषद हुकली. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०१६ रोजी कंपनीला १० लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आणि प्रश्न सोयीचा नसून माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे हे स्पष्ट केले. त्याच वर्षी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. बसस्थानके, रेल्वेस्थानके आणि विमानतळ यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने, अपंग व्यक्तीला तिच्या संमतीवाचून कोणी उचलू नये, असेही म्हटले. आणि तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईस उतरलेले एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ, दोन खुर्च्या मागितल्या असता एकच मिळाली म्हणून पत्नीला तीत बसवून स्वतः चालत निघाले आणि कोसळले. ते वाचले नाहीत. एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला.

इतिहासाच्या शिक्षकाला यात नवे काही दिसत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे तीन वर्षे खुले होते, आणि त्याच्या काठी जाण्याची सोय कोणाला नव्हती. २० मार्च १९२७ उजाडावा लागला. हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो.

विमान वर गेल्यावर चहा आला. त्याने नको म्हटले. “घे रे, सकाळपासून काही घेतले नाहीस,” आम्ही म्हणालो. तेव्हा कळले की आदल्या संध्याकाळपासून त्याने पाण्याचा घोटही घेतलेला नाही. विमानातील शौचकूपात त्याची खुर्ची जात नाही. जेथे खुर्ची जात नाही तेथे तो जात नाही. म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून तहान बंद. बोलणी चार वाजता होती. तोवर ओठ कोरडे ठेवून हा भावाची घासाघीस करणार होता.

मग तो सहज म्हणाला, “सर, सातवीची महाडची सहल आठवते?”

आठवत होती. १९९७ चा जानेवारी, सत्याग्रहाला सत्तर वर्षे होत होती. एस.टी.ची गाडी ठरविली होती, चवदार तळे, मग मंडणगडास वळून आंबडवे, दोन दिवस. मुलांनी गाणी बसविली होती. त्याचेही नाव यादीत होते आणि वर्गणीचे पैसे त्याच्या वडिलांनी पाठविले होते. सहलप्रमुख आम्ही होतो. आदल्या दिवशी आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो होतो, “तुला त्रास नको. उगाच हाल होतील.” पैसे परत केले, आणि चवदार तळ्यावरचे एक पुस्तक बक्षीस म्हणून दिले.

“दोन दिवस वसतिगृहात मी आणि स्वयंपाकाच्या मावशी,” तो सांगत होता. “मावशींनी दोन्ही दिवस घावणे केले. पुस्तक चांगले होते, सर. दोनदा वाचले.”

तो हे तक्रारीच्या सुरात बोलला नाही. तसे बोलला असता तर आम्हाला उत्तर देणे सोपे गेले असते. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. तीस वर्षे ज्या तळ्याचा धडा शिकविला, त्या तळ्यावर जाण्यापासून एका मुलाला आम्ही अडविले होते, आणि तेही मायेने. पालखीचाही विचार तेव्हाच आला. दहावीचा वर्ग खाली आणावा असे त्या सहा वर्षांत एकाही शिक्षकाने सुचविले नव्हते. खाली भांडारघर होते. तांदळाची पोती तळमजल्यावर आणि मुलगा माडीवर.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या बाबासाहेबांच्या आठवणींत चाळीसगावचा प्रसंग आहे. १९२९ सालची गोष्ट. मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात चौकशीस गेले होते. प्रवास कामाचाच होता. परतताना चाळीसगावच्या लोकांनी उतरवून घेतले. वस्ती पायी जाण्याजोगी जवळ, पण टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकण्यास तयार नाही. पाहुण्याने पायी येणे लोकांना कमीपणाचे वाटले. म्हणून टांगा भाड्याने घेऊन आपल्यातीलच एका नवख्याला हाकण्यास बसविले. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला आणि काही दिवस त्यांना हिंडता फिरता आले नाही. लोकांनी त्यांची प्रतिष्ठा जपण्यासाठी त्यांचा जीव धोक्यात घातला, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. आमच्या अधिकाऱ्याचे उलट होते: सुरक्षेचे नाव घेऊन तो प्रतिष्ठा खाली ठेवायला सांगत होता. टांगेवाला सरळ हाकायला बसला असता तर दोहोंतील एक निवडण्याची पाळी कोणावरच आली नसती. हा प्रसंग आम्ही कित्येकदा वर्गात सांगितला आहे, पण मोडलेल्या पायाकडे आमचे लक्ष त्या विमानात प्रथमच गेले.

दिल्लीस सर्व प्रवासी उतरल्यावर आम्ही उतरलो. खुर्ची दाराशी आणून द्यायची ठरले होते. ती सामानाच्या पट्ट्यावरून सुटकेसांच्या रांगेत आली. पाय ठेवण्याची पट्टी वाकलेली आणि डाव्या चाकाचा ब्रेक तुटलेला. तक्रारीच्या छापील अर्जात ‘सामानाची मोडतोड’ एवढाच रकाना होता. त्याने तो खोडून शेजारी सुबक अक्षरात चार ओळी लिहिल्या, छायाचित्रे काढली, पोच घेतली. मुक्कामाजवळ एक सायकल दुरुस्तीवाला भेटला. त्याने दीड तास खपून पट्टी ठोकून सरळ केली आणि ब्रेकच्या जागी सायकलचा ब्रेक बसविला. पैसे शंभर रुपये. त्या साऱ्या दिवसात त्याच्याशी थेट बोलणारा, “भाईसाब, ज़रा बैठके देखो, ठीक है?” असे विचारणारा हा पहिला माणूस.

भेटीस चाळीस मिनिटे उशीर झाला. व्यापारी सज्जन निघाला, सौदा झाला. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळची बैठक त्या उशिरामुळे दुपारवर गेली, आणि आम्ही अलिपूर मार्गावर पोहोचलो तेव्हा फाटक बंद झाले होते. परतीचे विमान पहाटेचे. आम्ही फाटकाबाहेरून हात जोडले.

“सर, तुमची सहल राहिली,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “पुस्तक घेऊन देऊ का?”

आम्ही दोघेही खूप हसलो. आमचे हसू आधी थांबले.

परतल्यावर त्याच्या मालकांनी सर्व हकीकत ऐकून मनापासून हळहळ व्यक्त केली, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला पाठवू, तुला त्रास नको, असे म्हटले. विक्रीच्या दौऱ्यावर जो जातो त्यालाच बढती मिळते, हे कारखान्यातील शिपायालाही ठाऊक आहे. त्याने मालकांना काय उत्तर दिले ते विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. फेब्रुवारीत तो बंगळूरला जाऊन आला एवढे कळले.

या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात त्याचा सत्कार व्हावा असे समितीने ठरविले आहे. निमंत्रण घेऊन आम्हीच गेलो. त्याने तारीख लिहून घेतली आणि विचारले, “सभागृहाच्या व्यासपीठाला पायऱ्या किती?” तीस वर्षे त्या चढत असूनही आम्हाला सांगता आले नाही. परत आल्यावर टेप घेऊन मोजल्या. चार पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, एकूण दोन फूट. एक फूट चढाला बारा फूट उतार हे प्रमाण धरले तर चोवीस फूट लांबीचा उतार बांधावा लागेल. चिरा आपल्या आवारात पडून आहे, वाळू-सिमेंटचा खर्च एका पालकाने उचलला आहे. गवंडी येऊन पाहून गेला. त्याची एकच अडचण आहे: अठरा फुटांवर १९९१ च्या तुकडीने शाळेला भेट दिलेला सिमेंटचा कट्टा मध्ये येतो, तो पाडावा लागेल. त्या तुकडीला आम्ही पत्र लिहिले आहे. उत्तर मेळाव्यापूर्वी पंधरा दिवस तरी हाती यावे, कारण सिमेंटला पाणी मारण्यास तेवढे दिवस लागतात.